तुडतुड्याच्या पेशीतील भात-विषाणूची प्रथिने

भाताच्या खुजेपणाचा विषाणू ‘वनस्पतीचा’ म्हणविला जातो. हे नामाभिधान अपुरेच होय. हिरव्या तुडतुड्याच्या पेशींतही तो वाढतो. मादीच्या अंड्यांतून तो पुढील पिढीत उतरतो, हे जपानमध्ये फुकुशी यांनी १९३३ साली दाखविले. पेशीत त्याच्या प्रथिनांची कामे विभागलेली असतात. ‘पीएनएस-१२’ पेशीद्रवात पुंज उभारते. नवे विषाणुकण तेथेच घडतात. ‘पीएनएस-१०’ मात्र सुमारे ८५ नॅनोमीटर व्यासाच्या नलिका रचते. सुमारे ७० नॅनोमीटरचा विषाणुकण त्यांत मावतो. अ‍ॅक्टिन तंतूंच्या आधाराने या नलिका शेजारच्या पेशीत शिरतात. म्हणूनच संवर्धनद्रवात विषाणुरोधी प्रतिद्रव्ये मिसळली तरी संसर्ग पसरतच राहतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आरएनए-हस्तक्षेपाने पीएनएस-१० ची निर्मिती दडपताच नलिकांची घडण खुंटली, आणि तुडतुड्याच्या शरीरातील विषाणूचा प्रसार व भातरोपांकडे होणारे त्याचे संक्रमण, दोन्ही रोखली गेली.