विजेच्या वाटेवरची आलिशान मोटार

दिवाळीच्या सुट्टीत आबा घरी आले ते एक प्रश्न घेऊनच. माझे वडील पुण्यात एका कारखानदारांकडे मोटारचालक आहेत. शिक्षण सातवीपर्यंत, पण स्टिअरिंगवर पंचवीस वर्षे गेलेली. जेवणे झाल्यावर म्हणाले, "पोरी, मालक गाडी बदलायचं म्हणत्यात. आपल्या लेक्ससची नवी गाडी आता विजेवरची बी निघालीय. ज्यांच्याकडं आधीची हाय, ती माणसं काय म्हणत्यात तेवढं वाचून सांग की."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझा विषय इतिहास. मोटारीतले मला काय कळणार? परंतु आबांनी मला काही विचारावे, असा हा पहिलाच प्रसंग. म्हणून मिळेल ते वाचले. त्याचा हा गोषवारा.

लेक्सस हे जपानच्या टोयोटा कंपनीच्या उंची मोटारींचे नाव. १९८९ साली ते अमेरिकेत अवतरले तेव्हा दोनच मोटारी होत्या : थोरली एल.एस. आणि धाकटी ई.एस. या ई.एस.ची कीर्ती वेगासाठी कधीच नव्हती. आत बसले की बाहेरचा गोंगाट थांबावा आणि वर्षानुवर्षे गाडीने कुरकुर करू नये, एवढ्यासाठी लोक ती घेत. २३ एप्रिल २०२५ रोजी शांघायच्या प्रदर्शनात तिची आठवी पिढी जगापुढे आली. ती दोन रूपांत आहे : एक हायब्रीड आणि दुसरी संपूर्ण विजेवरची. अमेरिकेत या गाडीला मिळणारे सहा सिलिंडरांचे साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन मात्र या पिढीत गेले.

हायब्रीड म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी पसरणीच्या घाटात कळले. मालकांना महाबळेश्वरला सोडून, त्यांच्या परवानगीने आबा एकदा गाडी घेऊन घरी येत होते. पाचगणीहून मीही बसले. उतार लागला तसे आबांनी समोरचा काटा दाखवला. तो 'चार्ज'कडे झुकला होता. "बघ, घाट उतरताना गाडी वीज कमवती," ते म्हणाले. ते खरेच आहे. हायब्रीडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गतीची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. इथे तीच मोटर उलटी कामाला लागून जनित्र होते आणि बॅटरी भरते. पुढे गर्दीत गाडी हळू चालली की इंजिन बंद राहते आणि साठलेली वीज खर्च होते. या गाडीला तारेने वीज भरावी लागत नाही. विजेच्या गाडीत मात्र इंजिन नाहीच; जमिनीखाली मोठी बॅटरी असते आणि ती बाहेरून भरावी लागते.

आता मालकांची मते. पहिली तक्रार इंजिनाची. जुने अमेरिकी मालक म्हणतात की सहा सिलिंडरांची ती मऊ, भरदार ओढ चार सिलिंडरांच्या हायब्रीडला नाही. जोरात पाय दिला की इंजिन घरघरते. यावर दुसरे मालक उत्तर देतात, की ज्या गाडीची ओळखच शांतता, तिला विजेइतके शोभणारे दुसरे काय? मला हे उत्तर पटते.

दुसरी तक्रार पल्ल्याची. पुढची चाके ओढणाऱ्या विजेच्या ई.एस.साठी कंपनीने अमेरिकेत सुमारे ३०० मैलांचा, म्हणजे ४८० किलोमीटरांचा अंदाज दिला. अनुकूल परिस्थितीत जलद चार्जरवर बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला सुमारे अर्धा तास लागतो. शहरात फिरणाऱ्याला हे पुरेसे वाटते, दूर जाणाऱ्याला नाही. शिवाय काही वर्षांनी जुन्या विजेच्या गाडीला किंमत काय येईल, ही धास्ती आहेच.

तिसरी तक्रार रूपाची. बॅटरी जमिनीखाली बसवायची म्हणून गाडी आधीपेक्षा दहा सेंटीमीटरहून अधिक उंच झाली. लांबीही ५ मीटर १४ सेंटीमीटर झाली. कुणी म्हणते, चढायला-उतरायला सोपी. कुणी म्हणते, डौल गेला. आतली बरीच बटणे पडद्यात गेली, काही तर उजळेपर्यंत दिसतच नाहीत. वयस्कर मालकांना हे खटकते.

आपल्याकडचे चित्र थोडे निराळे आहे. लेक्सस भारतात २०१७ साली आली ती हायब्रीड ई.एस. घेऊनच, आणि २०२० पासून ती बंगळुरूजवळ बिडदी येथे जोडली जाऊ लागली. तेव्हा सहा सिलिंडरांचा शोक आपल्या मालकांना करायचे कारण नाही. इथे प्रश्न कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर जी.एस.टी. ५ टक्के, तर एवढ्या मोठ्या हायब्रीडवर ४० टक्के. गाडीचा सांगाडा एक, पण कर आठपट! अर्थात विजेची गाडी परदेशातून आली तर सीमाशुल्क निराळे.

हे सारे मी आबांना वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मालकाचं कळलं. चालवणाऱ्याचं कुठं लिवलंय?"

मी कागद पुन्हा चाळले. कुठेच नव्हते. आणि मग उलगडा झाला. ज्या देशांतून ही मते आली, तिथे बहुतेक मालक स्वतःच गाडी चालवतो. आमच्याकडे मालक मागे बसतो. त्याला शांतता मिळेल. पण रात्री गाडी चार्जिंगला लावून कोण बसणार? इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखायची पंचवीस वर्षांची विद्या मुक्या गाडीत कुठे वापरायची? आणि पडद्यावरचे ते इंग्रजी शब्द? आबा एवढेच म्हणाले, "नवी गाडी आली, तर नवा ड्रायव्हर बी येतो कधीकधी." त्या वाक्यातली भीती मला आजवर ठाऊक नव्हती. माझी फी त्याच स्टिअरिंगवरून येते.

यंत्र बदलू नये, असे मी म्हणत नाही. शहरांतला धूर कमी व्हावा असे कुणाला वाटणार नाही? पण बदलाचा हिशेब मांडताना तो फक्त गाडी विकत घेणाऱ्याचा मांडला, तर अर्धाच राहतो, एवढे मला या खटाटोपात समजले.

मालकांचा निर्णय अजून व्हायचा आहे. सुट्टी संपताना आबांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "पडद्यावर जे जे शब्द येत्यात, ते ह्यात मराठी अक्षरात लिव. अर्थ बी लिव. मी पाठ करतो."

पहिल्या पानावर मी लिहिले : 'चार्ज – वीज भरणे'. आबा हसले. म्हणाले, "ह्यो ठावं हाय मला. पुढचा लिव."