ग्लास उलटा करून पाहा

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या कितीतरी जुन्या घरांत काचेच्या कपाटाच्या वरच्या खणात एक लेमन सेट असतो. जग आणि सहा ग्लास, त्यांतले चारच उरलेले. काठाला सोनेरी रेघ, अंगावर गुलाब, द्राक्षं किंवा नुसते रंगीत ठिपके. कुणाच्या तरी रुखवतात मांडलेला, नाहीतर बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी आणलेला. चैत्रगौरीचं पन्हं, कोजागिरीचं मसाला दूध, मुलगी बघायला आलेल्यांचं सरबत, एवढ्यापुरताच तो खाली उतरायचा. म्हणूनच तो टिकला.

आता घरं रिकामी होताहेत. १९२०च्या दशकात बांधलेल्या नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींपासून गिरगावातल्या वाड्यांपर्यंत पुनर्विकास चालू आहे, आणि आवराआवरीत काचसामान आधी भंगारवाल्याकडे जातं. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘बेल्जियमची काच आहे.’ मुंबईत कुठलीही जुनी काच बेल्जियमचीच ठरते. पण ग्लासाचा खरा पत्ता बऱ्याचदा ग्लासावरच असतो, आणि तो वाचायला शिकणं अवघड नाही.

सुरुवात बुडापासून करावी. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरच्या खुणांचे कायदे झाले. अमेरिकेने १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं. तेव्हापासून निर्यातीच्या मालावर देश लिहिण्याची पद्धत रुळली, आणि देशांची नावं बदलत गेल्यामुळे आपल्याला फुकटात तारखा मिळाल्या. ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ग्लास १९१८ ते १९९२ या काळातला. त्याआधी तिथला काचकामाचा प्रांत, बोहेमिया, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२पर्यंतची मोजकी वर्षं. मात्र बोहेमियाचे कितीतरी कारखाने कागदी लेबल चिकटवत. ते पहिल्या धुण्यातच गेलं, म्हणून कोरं बूड पाहून निराश होऊ नये.

काही खुणा कारखान्यांच्या आहेत. नांगर आणि त्यावर एच हे अक्षर दिसलं तर अमेरिकेची अँकर हॉकिंग. एचखाली लहान ए असेल तर हेझल-अ‍ॅटलस. वळणदार एल म्हणजे ओहायोतल्या टोलेडोची लिबी. ‘ड्युरालेक्स’ १९४५ पासून फ्रान्समध्ये बनू लागलं. त्याच्या बुडावरचा आकडा सालाचा नसून साच्याचा असतो. फ्रान्समधली शाळकरी मुलं तो आकडा आपलं वय मानून खेळतात. ‘येरा’ अशी उठावाची अक्षरं असली तर ग्लास बडोद्याच्या अ‍ॅलेम्बिक ग्लासचा. येराला कमी लेखू नका. आपल्या कितीतरी घरांत पाहुण्यांपुढे तोच ठेवला जाई.

खूण नसेल तर अंगाकडे वळावं. ग्लास उजेडात धरून सावकाश फिरवा. बाजूने वर चढणारी बारीक रेघ दिसली तर ती साच्याची. दाबून घडवलेल्या काचेत नक्षीच्या कडा बोटाला गोलसर लागतात, चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा धारदार. फुंकणीने फुगवलेल्या ग्लासाच्या बुडाशी, मधोमध, लोखंडी दांडी तोडल्याचा खडबडीत व्रण किंवा तो घासून काढल्याची गुळगुळीत खळगी सापडते. बुडबुडे दिसले की ग्लास जुना, असं बाजारात सांगतात. त्यावर विसंबू नये. आजही हाताने काम होणाऱ्या भट्टीतून बुडबुड्यांची काच निघते. बुडावरचे ओरखडे अधिक खरे बोलतात. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या ग्लासाचे ओरखडे वाटेल त्या दिशांना जातात, मुद्दाम जुना केलेल्याचे एकाच दिशेला.

मग नक्षी. इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी: काच एका ठिकाणची आणि नक्षी दुसऱ्या ठिकाणची असू शकते. नक्षीकामाचे कारखाने कोरे ग्लास विकत घेत, रंगवत आणि भट्टीत पुन्हा भाजत. त्यामुळे बुडावरची खूण काच कुठली ते सांगते, गुलाब कुठला ते सांगेलच असं नाही. त्यासाठी सोनाराचं भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. हाताने काढलेल्या फुलात कुंचल्याचा फटकारा आणि रंगाचा उंचवटा दिसतो, आणि सेटमधलं एक फूल दुसऱ्यासारखं नसतं. जाळीतून छापलेल्या नक्षीत सगळे ग्लास सारखे. कधी दोन रंगांमधली कड किंचित सरकलेली. भाजलेला इनॅमल रंग काचेला धरून राहतो. न भाजता नुसता लावलेला रंग धुण्यात पापुद्रे सोडतो. सोन्याची रेघ सर्वांत वर असते आणि सर्वांत आधी झिजते. ती ओठांच्या जागी पुसली असेल तर ग्लास खरंच वापरलेला. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरून पाहा. काच पोपटी हिरवी झगमगली तर तिच्यात युरेनियम आहे, आणि अशी काच बहुतेक दुसऱ्या महायुद्धाआधीची.

एवढं होऊनही देश सापडत नसेल, तर आपल्याच भट्ट्यांचा विचार करावा, आणि हा विचार फार कमी लोक करतात याचं मला वाईट वाटतं. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम शिकवत. तिथे तयार झालेली माणसं देशभरच्या भट्ट्यांवर गेली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल थांबला. ती जागा बऱ्याच अंशी जपानने घेतली, पण देशी कारखान्यांनाही वाव मिळाला. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत उभी राहिलेली ओगलेवाडी आणि तिथला प्रभाकर कंदील मराठी घरांना नव्याने सांगायला नको. खूण नसलेला, जाडसर, किंचित हिरवट ग्लास पाहून ‘साधाच आहे’ असं म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा.

स्वातंत्र्यानंतरच्या ग्लासांसाठी आणखी एक सूत्र आहे. १९५७च्या सुमारास परकीय चलनाचा पेच पडला आणि चैनीच्या वस्तूंची आयात जवळपास बंद झाली. ही बंधनं पूर्णपणे उठली ती २००१ साली. मधल्या काळातला परदेशी ग्लास सहसा दुकानातून आलेला नसतो. तो बोटीवरच्या माणसाच्या ट्रंकेतून, १९७३च्या तेलदरवाढीनंतर आखातात गेलेल्या कोकणातल्या नातलगाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईतल्या मनीष मार्केट, मुसाफिरखान्यासारख्या परदेशी मालाच्या बाजारांतून आलेला असतो. म्हणून ‘कोणी आणला, कुठे नोकरी होती’ हा प्रश्न भिंगाइतकाच उपयोगी आहे. मामा कुवेतला होते आणि बुडावर ‘फ्रान्स’ लिहिलं आहे, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. आजोबा गिरणीतून थेट घरी यायचे आणि ग्लासावर ‘ऑक्युपाइड जपान’ आहे, तर मधला दुवा शोधायला हवा: चोरबाजार, लिलाव की एखाद्या साहेबाच्या घरचं सामान?

एक सावधगिरी. जुन्या इनॅमल रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रंगीत नक्षीच्या बऱ्याच ग्लासांत ते आढळलं, काठाजवळच्या रंगातसुद्धा. २०१० साली अमेरिकेत मॅकडोनल्ड्सने कॅडमियममुळे ‘श्रेक’चे सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवले होते. तेव्हा काठापासून दोन सेंटिमीटरच्या आत नक्षी असलेल्या जुन्या ग्लासातून मुलांना काही देऊ नये. टिचकी मारल्यावर घंटेसारखं घुमणाऱ्या, शिसं असलेल्या जड क्रिस्टलमध्ये लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत साठवून ठेवू नये. धुताना कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. घासणी आणि डिशवॉशर सोन्याला मारतात.

यंदा फराळाला मंडळी जमतील तेव्हा ते ग्लास खाली काढा. बुडाचा, काठाचा आणि नक्षीचा स्वच्छ उजेडात फोटो घ्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा: कुणाच्या लग्नात आला, कोणी दिला, तेव्हा घर कुठे होतं. मिळालेलं उत्तर तारखेसह कागदावर लिहा आणि घडी करून जगात ठेवा. नव्या इमारतीत सामान जाईल तेव्हा तो जग स्वतःच्या हातात घेऊन जा.