रक्षणाचा हक्क व गृहरक्षक दल

मध्यवर्ती सरकारनें ७ मे २०२५ रोजीं देशांतील २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव करण्यास सांगितलें होतें. भोंगा वाजला म्हणजे दिवे मालवावे, आडोसा शोधावा, हें शिकविण्याचा तो उद्देश. परंतु भोंगा खराच वाजला तर वांगणीसारख्या गांवीं पुढें होऊन लोकांस मार्गीं लावणार कोण, हा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. प्रश्न नवा नाहीं. वांगणीच्या रुळांइतकाच तो जुना आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा मार्ग १८५६ सालीं खुला केला. पुढें १८६९ च्या कायद्यानें स्वयंसेवक पलटणींची घडी बसविण्यांत आली, व या रेल्वे कंपनीचीही अशी एक पलटण उभी राहिली. एरव्हीं गाडी हांकणारा गोरा किंवा अँग्लो-इंडियन नोकर फावल्या वेळीं बंदूक खांद्यावर घेऊन कवाईत करी. रूळ घालणारा, सांधे बदलणारा हिंदी मजूर मात्र या पलटणीबाहेर. त्याच्या हातीं हातोडा चालत असे, बंदूक चालत नसे! १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तर हा भेद सर्व देशभर पक्का केला. हिंदी लोकांसही स्वयंसेवक होऊं द्यावें, असा ठराव राष्ट्रीय सभेनें १८८६ सालीं कलकत्त्यास केला. पण सरकारनें तो मनावर घेतला नाहीं.

पहिल्या महायुद्धानें सरकारचा हात थोडा सैल केला. १९१७ सालीं देशरक्षक दलाचा कायदा झाला. त्यांत युरोपियनांवर सक्ती होती, व हिंदी लोकांस स्वेच्छेनें नांव नोंदविण्याची मुभा होती. अटी अपमानाच्या होत्या, तरी लो. टिळकांनीं तरुणांस या दलांत शिरण्याचाच उपदेश केला. स्वराज्य मागणाऱ्यानें स्वदेशाचें रक्षण करण्यास शिकलें पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. हिंदी तरुणांस अधिकाऱ्यांच्या जागा देण्याचें वचन सरकारनें द्यावें, मग आपण महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देऊं, न दिल्यास दंड भरूं, असें म्हणून त्यांनीं गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक धाडला होता. पैज म्हणून ती रक्कम घेणें गांधीजींस रुचलें नाहीं व चेक परत आला. जून १९१८ मध्यें मुंबईच्या युद्धपरिषदेंत लॉर्ड विलिंग्डननें टिळकांस बोलूंही दिलें नाहीं. माणसें हवींत, पण त्यांचा मान नको, असा हा व्यवहार होता. १९२० सालीं तर वर्णभेदाचे दोन स्वतंत्र कायदेच झाले. गोऱ्यांचें सहाय्यक दल निराळें व हिंदी लोकांचें प्रादेशिक दल निराळें.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. आजचें उल्हासनगर तिच्याच जागीं वसलें आहे. मुंबईंत ए. आर. पी. चीं पथकें उभीं राहिलीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यांनीं भरलेलें जहाज फुटलें, तेव्हां शत्रूचें विमान आलेंच नव्हतें. तरीही नगराचा एक भाग जळाला व आगीच्या बंबाचे ६६ जवान कामीं आले. संकट युद्धाचें पत्रक वाचून येत नाहीं, हें मुंबईस त्या दिवशीं कळलें.

आजचें गृहरक्षक दल मुंबई प्रांतांत ६ डिसेंबर १९४६ रोजीं, जातीय दंग्यांच्या काळांत, श्री. मोरारजी देसाई गृहमंत्री असतांना स्थापन झालें. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर इतर राज्यांनींही अशींच दलें एका धर्तीवर उभारावीं, असें मध्यवर्ती सरकारनें ठरविलें. बंदुकीच्या बाबतींत जो अविश्वास होता तो स्वराज्यांत गेला. पण त्याच्या जागीं काय आलें? गणपतीचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, आणि काम संपलें कीं माणूस घरीं! दिवसाच्या भत्त्यावर राबणारा हा स्वयंसेवक सरकारास स्वस्तांतला पोलीस वाटूं लागला आहे. सर्वोच्च न्यायालयानें ११ मार्च २०१५ रोजीं निकाल दिला कीं, गृहरक्षकाचा भत्ता असा असावा कीं महिन्याचे तीस दिवस काम केल्यास पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी रक्कम पदरीं पडावी. सरकारास ही गोष्ट न्यायासनाकडून ऐकावी लागली, हें भूषणास्पद नाहीं.

१९१७ चा कायदा असो वा आजचा नियम असो, खरी कसोटी गांवीं लागते. जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीस पूर येऊन महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली. सुमारें एक हजार पन्नास उतारू तींत होते. राष्ट्रीय आपत्ति दलाच्या होड्या व नौदलाचे लोक येऊन त्यांनीं सर्वांस सुखरूप काढलें. परंतु ते येईपर्यंत तासांमागून तास गेले. अशा वेळीं आधीं हाताशीं असतात ते जवळच्या गांवचे लोक. त्यांतील वीस-पंचवीस जणांस दोर बांधणें, होडी चालविणें, जखमीस उचलणें हें शिकविलेलें असतें तर?

म्हणून अंबरनाथ, बदलापूर व वांगणी येथें गृहरक्षकांस पूर व आग यांचें शिक्षण दर पावसाळ्यापूर्वीं द्यावें, भत्ता महिन्याचे महिन्यास चुकता करावा, व स्त्रियांचीं पथकें नुसत्या जत्रेच्या रांगेपुरतीं ठेवूं नयेत. व्यापारी बंधूंसही आमचें एक सांगणें आहे. दुकानांतला नोकर कवाईतीस गेला म्हणून त्याचा दिवसाचा पगार कापूं नये. पूर आला म्हणजे तो आधीं त्याच बाजारपेठेंत उतरणार आहे.