समोरच्या दातांचा सौदा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी बाजाराची स्थिती, करांच्या अडचणी, संघाच्या कार्याचा आढावा आणि दिवंगत सभासदांच्या स्मृती यांना स्थान मिळते. यंदा दातांविषयी चार शब्द लिहावेत असा विचार मी मंडळापुढे मांडला, तेव्हा काही सभासद हसले. परंतु बैठक उठल्यावर त्यांतीलच तिघांनी मला एकेकटे गाठून आपापल्या तोंडाची कथा सांगितली. विषय लहान नाही, तो केवळ उघड बोलला जात नाही, अशी माझी खात्री झाली आणि लेखणी हाती घेतली. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. मी धान्याचा व्यापारी आहे, वैद्य नव्हे. जे स्वतः भोगले आणि जाणत्या दंतवैद्यांकडून समजून घेतले, तेवढेच येथे नम्रपणे मांडीत आहे.

‘दात आहेत तेव्हा चणे नाहीत, चणे आहेत तेव्हा दात नाहीत’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीसहून अधिक वर्षे चण्याची पोती उतरवून घेणाऱ्या माझ्यावरच ती अक्षरशः लागू पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. २०१९ च्या पावसाळ्यात वखारीच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि वरच्या पटाशीच्या दातांपैकी डावीकडचे दोन गेले. ओठाची जखम आठ दिवसांत भरली, परंतु वाचा बिघडली. जिभेला आणि ओठांना टेकायला समोर दात नसले, की ‘स’, ‘फ’, ‘व’ ही अक्षरे निसटतात आणि ‘त’, ‘द’ बोबडे होतात. तूर, साळ, सातू यांचे भाव सांगणाऱ्याचे या अक्षरांवाचून कसे चालावे? फोनवर ‘सव्वासात’ म्हटले, तर पलीकडचा गृहस्थ दोनदा विचारी. हळूहळू भाव सांगण्याचे काम मुलाकडे गेले. मंदिरात सकाळी मोठ्याने पूजा म्हणणारा मी ओठ मिटून उभा राहू लागलो.

त्याच महिन्यात घरी मंगलकार्य होते. ‘आठ दिवसांत काय होईल तेवढे करा,’ असे मी सांगितले आणि अक्रीलिकची, काढता-घालता येणारी दोन दातांची लहान कवळी मिळाली. तिच्यात दोष नव्हता, दोष माझ्या वागण्यात होता. ती तात्पुरती आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या, असे मला बजावून सांगितले होते. काम भागले, वाचा सुधारली, मग पुन्हा खर्च कशाला, असा विचार करून मी तीन वर्षे गेलोच नाही. रात्रीही ती काढीत नसे, कारण पत्नीसमोरसुद्धा संकोच वाटे. या काटकसरीची किंमत पुढे सांगतो.

२०२२ मध्ये घरात दुसरा प्रसंग ओढवला. चौदा वर्षांच्या नातवाच्या तोंडावर क्रिकेटचा चेंडू बसला आणि वरचा, मधला एक दात मुळासकट बाहेर पडला. दात अखंड होता. मी तो उचलला, स्वच्छ हातरुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि मुलाला धीर दिला. त्या संध्याकाळी मालाची गाडी यायची होती, म्हणून दवाखान्यात गेलो दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरांनी रुमाल उलगडून पाहिला आणि ते काही क्षण बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “काका, घरात दूध नव्हते का?”

घरात दूध होते. मला माहीत नव्हते एवढेच. ते सर्वांना माहीत व्हावे म्हणून येथे स्पष्ट लिहितो. कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो मुळाकडून धरू नये, वरच्या पांढऱ्या भागाला धरावा. माती लागली असेल तर हलकेच धुवावा, घासू नये. जमल्यास तेथेच त्याच्या खोबणीत पुन्हा बसवून रुमाल चावून धरण्यास सांगावे. ते न जमल्यास दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे धावावे. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या पडून मरतात. पहिला अर्धा तास मोलाचा असतो आणि तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिलेला दात क्वचितच पूर्ववत जगतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत. आपलाच दात परत बसणे यासारखा दुसरा उपाय नाही, आणि माझ्या नातवाचा तो उपाय माझ्या खिशात वाळून गेला.

यानंतर आजोबा आणि नातू दोघेही एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलो. दोघांचीही गरज समोरच्या दाताची, तरी दोघांसाठी निवड मात्र निरनिराळी झाली. ती का, हे कळण्यासाठी पर्यायांची वानगी पाहिली पाहिजे.

पहिला पर्याय काढघाल करावयाच्या कवळीचा. ती स्वस्त, लवकर मिळणारी आणि शेजारच्या दातांना फारसा हात न लावणारी असते. अक्रीलिकची कवळी जाड असते व पडल्यास मोडते. धातूच्या सांगाड्याची अधिक पातळ आणि टिकाऊ असते, पण महाग पडते. हिची काळजी हाच तिचा खरा खर्च होय. रात्री काढून ती पाण्यात ठेवावी, ब्रशने धुवावी. आपल्याकडे उकळलेले पाणी वापरण्याची चाल आहे, ते पूर्ण निवल्यावरच वापरावे, कारण कढत पाण्याने अक्रीलिक वाकडे होते. रात्रंदिवस घातल्यास टाळूवर बुरशीचा दाह होतो, तसा मला झाला होता.

दुसरा पर्याय ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कापून लहान करतात, त्यांवर कॅप चढवितात आणि मधला दात त्या कॅपना जोडलेला असतो. तो तोंडात पक्का बसतो आणि दोन-तीन आठवड्यांत काम पुरे होते. अनेक अभ्यासांचा गोषवारा असा, की दहा वर्षांनंतरही शंभरातील सुमारे नव्वद पूल तोंडात टिकून असतात. परंतु एकाच्या तुटीसाठी दोन निरोगी शेजाऱ्यांवर कर बसतो, आणि कापलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही.

तिसरा पर्याय कमी लोकांना ठाऊक आहे, तो चिकटविलेल्या पुलाचा. यात शेजारच्या दाताच्या मागील बाजूस पातळ पंख चिकटवितात आणि नवा दात त्याला जोडलेला असतो. शेजारचा दात जवळजवळ कापावाच लागत नाही. समोरच्या एका दातासाठी दोन बाजूंच्या पंखांपेक्षा एकाच बाजूचा पंख पुष्कळदा अधिक टिकतो. दोन पंखांपैकी एक नकळत सुटला, तर पूल जागेवर राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली कीड लपून वाढते. एक पंखाचा सुटला तर निघून हाती येतो आणि पुन्हा चिकटविता येतो. खालचे दात वरच्या दातांमागे फार घट्ट मिटणाऱ्यांना मात्र हा सोयीचा नाही.

चौथा पर्याय इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवितात, हाड त्याला धरून वाढते आणि सामान्यतः तीन ते सहा महिन्यांनी त्यावर दात चढवितात. हाड टायटॅनियमला असे घट्ट धरते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावरील प्रयोगात दिसून आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली. शेजारचा दात यात सुरक्षित राहतो, हा मोठा गुण. परंतु हाड पुरेसे हवे, हिरड्या निरोगी हव्यात, मधुमेह आटोक्यात हवा आणि तंबाखू, गुटखा, सिगारेट सुटलेली हवी. शिवाय वाढत्या वयात हा स्क्रू बसवीत नाहीत. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात, स्क्रू मात्र तेथेच राहतो आणि तो दात वर ओढल्यासारखा आखूड दिसू लागतो.

नातवाचा निर्णय म्हणून सोपा झाला. त्याला एका पंखाचा चिकटविलेला दात बसविला. शेजारच्या दाताला इजा नाही आणि पुढचे दार उघडे. जबड्याची वाढ पुरी झाल्यावर, विशीनंतर, इम्प्लांट हवे की हेच चालू ठेवायचे, हे तो स्वतः ठरवील.

माझा निर्णय कठीण होता. दात गेला की तेथील हाड झिजू लागते. सर्वांत अधिक झीज पहिल्या वर्षात होते आणि समोरच्या दातांपुढील हाडाची भिंत मुळातच पातळ असते. तीन वर्षांच्या दिरंगाईने माझी ती भिंत खचली होती. इम्प्लांट करावयाचे तर आधी हाडाची भर घालावी लागणार होती. ही भर कशाची, असे मी सहज विचारले. धान्याच्या पोत्यातही काय भरले आहे हे आपण विचारतोच. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, की पुष्कळ वेळा वापरली जाणारी भुकटी गाय-बैलांच्या हाडापासून शुद्ध करून बनवितात आणि वर झाकण्याचा पडदाही बहुधा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा असतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. रात्रिभोजन, कंदमूळ यांचा आजन्म त्याग केलेल्या माणसाच्या जबड्यात काय जाणार होते, आणि मी विचारले नसते तर ते कळलेही नसते! कृत्रिम दातांचा पूर्वेतिहासही असाच आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात कोरून बसविलेला होता. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. चिनी मातीचे दात आले आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अक्रीलिक आले, तेव्हा ही गरज संपली. आजची कवळी, कॅप आणि टायटॅनियमचा स्क्रू यांत प्राण्याचा अंश नसतो. प्रश्न राहतो तो भर घालण्याच्या भुकटीचा आणि पडद्याचा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन शंका मांडली. डॉक्टरांना राग आला नाही. खनिजापासून कारखान्यात तयार केलेली भुकटी मिळते, पडदेही कृत्रिम मिळतात आणि काही वेळा रुग्णाच्याच जबड्यातून थोडे हाड घेता येते, असे त्यांनी सांगितले. मात्र माझी खचलेली भिंत आणि तीन महिन्यांच्या साखरेचा नऊच्या वर गेलेला आकडा पाहता, यशाची हमी आपण देणार नाही, असेही ते म्हणाले. मला सांगितलेले दर असे होते: नवी कवळी ३,००० रुपये, चार दातांचा ब्रिज २८,००० रुपये आणि दोन इम्प्लांट, भर घालण्याचा खर्च सोडून, ७०,००० रुपये. गावोगावी दर निराळे असतात. दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत ते पुष्कळदा कमी असतात, वेळ मात्र अधिक लागतो.

मी ब्रिज घेतला. रकमेपेक्षा दुसरे कारण महत्त्वाचे ठरले. उजवीकडच्या शेजारच्या दाताचे पूर्वीच रूट कॅनाल होऊन त्यावर कॅप होती आणि त्याचे मूळ भक्कम असल्याचे फोटोत दिसले. कापावा लागला तो केवळ डावीकडचा निरोगी सुळा. त्याबद्दल मला आजही खंत वाटते. तीन वर्षे आधी गेलो असतो आणि साखर सांभाळली असती, तर कदाचित त्याला हात लावावा लागला नसता. पुलाखाली रोज बारीक ब्रश फिरवितो आणि सहा महिन्यांनी तपासून घेतो. फोनवर ‘सव्वासात’ एकदाच सांगावे लागते.

बंधुभगिनींनो, दात कोणता घ्यावा हे प्रत्येकाने आपल्या दंतवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की नुसता दर विचारून सौदा करू नये. चार प्रश्न अवश्य विचारावेत. शेजारच्या दातांना काय सोसावे लागेल? हाडाची स्थिती काय आहे आणि थांबलो तर काय होईल? रोजची निगा कोणती आणि हे बिघडले तर पुढचा मार्ग कोणता? वापरली जाणारी वस्तू कशापासून बनली आहे? शेवटचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, आधीच विचारावा. औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. त्याऐवजी गोळी चालेल का, हेही विचारावे.

आणखी एक सूचना. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवू नये. जखम भरण्यास आहार लागतो, काही औषधे अन्नाबरोबरच घ्यावी लागतात आणि मधुमेहाची औषधे उपवासासाठी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी तसे आधी सांगावे. पुष्कळदा औषधांच्या वेळा दिवसात बसवून देता येतात.

नातवाला तो दात कसा वाळला, हे मी एके दिवशी स्वतःहून सांगितले. तो म्हणाला, “आजोबा, तुम्हाला कुठे माहीत होते?” त्याने क्षमा केली, परंतु माझ्या खात्यावर ती बाकी राहिलीच आहे. हा लेख वाचून कोणा एका घरी पडलेला दात रुमालाऐवजी दुधाच्या पेल्यात गेला, तर ती थोडी तरी फिटली असे मी समजेन.