ब्रिटनमध्ये खाते बदलल्याचे बक्षीस : घ्यावे की नाही?

कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिथे खाते दुसऱ्या बँकेत नेले की अनेक बँका रोख बक्षीस देतात, बहुधा १०० ते २०० पौंड. तिथले ‘करंट अकाउंट’ म्हणजे व्यापाऱ्याचे नव्हे, तर पगाराचे रोजचे खाते.

२०१३ पासून तिथे खाते बदलण्याची खास सोय आहे. कामकाजाच्या ७ दिवसांत पगार, डायरेक्ट डेबिट सगळे नव्या खात्यावर जाते आणि जुने खाते बंद होते. अटी मात्र नीट वाचा : ठरावीक रक्कम भरणे, बऱ्याचदा २ डायरेक्ट डेबिट असणे, त्या बँकेचे बक्षीस आधी घेतलेले नसणे. घरासाठी अर्ज करायचा असेल तर सारखी खाती बदलू नका. क्रेडिट रेकॉर्डवर नोंद राहू शकते.

खरा प्रश्न हलाल-हरामचा. खात्यातली रक्कम म्हणजे बँकेला दिलेले कर्ज, म्हणून त्यावरचा लाभ सूद ठरतो, असे काही उलमा मानतात. काही जण त्याला बँकेने दिलेली भेट समजतात. म्हणून अर्ज करण्याआधी अटींचा कागद आपल्या आलिमांना दाखवा. व्याजाच्या ओव्हरड्राफ्टला मात्र हात लावू नका.