उभे वाहन, उंदीर आणि विमापत्र

वाहनकर्जासाठी शाखेत येणारे ग्राहक व्याजदर, मुदत आणि हप्ता यांची बारकाईने चौकशी करतात. घेतलेले वाहन रात्री कोठे उभे राहणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वाहन चालताना होणाऱ्या अपघाताची धास्ती सर्वांनाच असते. उभ्या वाहनाचे नुकसान होऊ शकते, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातील मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. टाळेबंदी शिथिल झाल्यावर अनेकांनी चावी फिरविली, तेव्हा बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटल्याचे त्यांना आढळले. टाळेबंदी संपली, उंदीर मात्र राहिले.

गणरायाच्या या वाहनाला आपल्या वाहनाची एवढी ओढ का असावी? उत्तर त्याच्या दातांत आहे. उंदराचे पुढचे चार दात, म्हणजे वरचे दोन व खालचे दोन, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविले नाहीत, तर त्याला खाणेच अशक्य होईल. या दातांचे कठीण लुकण केवळ पुढच्या बाजूस असल्याने मागची बाजू लवकर झिजते आणि धार छिन्नीसारखी कायम राहते. तांब्याहूनही कठीण असलेल्या अशा दातांपुढे वायरवरील प्लॅस्टिकचे आवरण किंवा रबरी नळी यांचा काय निभाव लागणार? म्हणजे वायर कुरतडण्यामागे भूक असतेच असे नाही. अलीकडच्या मोटारींतील वायरच्या आवरणात सोयाबीनचे घटक असतात म्हणून उंदीर त्याकडे वळतात, असे म्हटले जाते. त्यावरून अमेरिकेत मोटार कंपन्यांवर दावेही दाखल झाले. परंतु असे आवरण येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर वायर कुरतडत आले आहेत, हे विसरून चालणार नाही.

दुसरे कारण ऊब आणि निवारा. सायंकाळी घरी आलेल्या मोटारीचे इंजिन काही तास कोमट असते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर आणि घुशी कोरड्या जागेच्या शोधात निघतात. उंदराला अर्ध्या इंचाचे छिद्र पुरते, तर घरात आढळणारे लहान उंदीर त्याच्याही निम्म्या फटीतून आत शिरतात. शिवाय मोटारीची खालची बाजू मोकळीच असते. खारीही काही कमी नाहीत. झाडाखाली उभ्या असलेल्या मोटारीत काथ्या, कापूस आणि पाने गोळा करून त्या घरटे करतात.

नुकसानीची चाहूल लवकर लागली, तर खर्च आटोक्यात राहतो. बॉनेट उघडल्यावर काळ्या लेंड्या, शेंगांची टरफले, कापसाचे पुंजके किंवा बॉनेटच्या आतील अस्तराचे तुकडे दिसले, तर समजून घ्यावे. वातानुकूलन यंत्र सुरू करताच कुबट वास येणे, हेही एक लक्षण होय. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असलेला हवेचा फिल्टर ही उंदरांची आवडती जागा असते. डॅशबोर्डवर एकाएकी इशारादर्शक दिवे लागले, तर मोटार तशीच पुढे दामटू नये. इंधनाच्या नळीला भोक पडले असेल आणि शेजारीच उघडी वायर असेल, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, आग लागू शकते. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना स्वतः हात लावू नये.

आता उपायांविषयी. बाजारात उपायांचा सुकाळ आहे आणि प्रत्येक गॅरेजचा एक हमखास उपाय असतो. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, उग्र वासाचे फवारे यांचा परिणाम वास उडेपर्यंतच टिकतो. बेंगळुरूसारख्या शहरांतील तळघरांत रात्री बॉनेट उघडे ठेवलेल्या मोटारी दिसतात. उबदार अंधार नाहीसा करण्याचा तो विचार चुकीचा नाही, पण रोज निभावणारा मात्र नव्हे. मानवी कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे महाग असतात. हा आवाज आडव्या आलेल्या वस्तूपलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवयही होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, आपले दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करावेत, अशी ताकीद दिली होती. विषाचा मार्ग तर सर्वांत गैरसोयीचा. विष खाल्लेला उंदीर मोटारीच्याच एखाद्या कोपऱ्यात मरतो आणि तो शोधण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. चिकट पट्ट्यांवर अनेक राज्यांनी बंदी घातली आहे.

माझ्या मते खरा उपयोग साध्या गोष्टींचाच होतो. दोन-तीन दिवसांतून एकदा तरी वाहन बाहेर काढावे आणि त्याच वेळी बॉनेट उघडून पाहावे. मुलांच्या बिस्किटांचा चुरा, प्रसादाचा पुडा, पक्ष्यांसाठी घेतलेले धान्य असे काहीही मोटारीत राहू देऊ नये. कचराकुंडी, उघडे गटार किंवा भिंतीलगतची अडगळ यांच्याजवळ वाहन उभे करू नये. वाहनतळावरील अडगळ हटविणे हे सोसायटीचे काम असून सर्वसाधारण सभेत तो विषय अवश्य काढावा. एकट्याने आपली मोटार राखून शेजारच्या मोटारीत उंदीर नांदत असतील, तर काय साधणार? हवेच्या मार्गात बारीक छिद्रांची धातूची जाळी बसविता येते. ती गॅरेजमधूनच बसवून घ्यावी, कारण फिरणाऱ्या पट्ट्यांत किंवा तापणाऱ्या भागांत जाळी अडकली, तर नवेच संकट उभे राहील. मिरचीतील तिखट द्रव्य लावलेली, वायरभोवती गुंडाळायची चिकटपट्टीही परदेशात मिळते. होंडा कंपनीने ती अमेरिकेत विक्रीस ठेवली आहे. घरटे काढताना हातमोजे व मुखपट्टी वापरून जंतुनाशकाने ते आधी ओले करावे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो, हे २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

हंगामापुरतीच बाहेर पडणारी वाहने अधिक धोक्यात असतात. केरळ आणि महाराष्ट्र या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाला चालना देण्याचे धोरण स्वीकारले. अशा फिरत्या घरात गाद्या, पडदे, स्वयंपाकाचा ओटा सारेच असते आणि पावसाळ्यात ते महिनोन्महिने उभे राहते. ते बंद करण्यापूर्वी गाद्या व धान्याचे डबे बाहेर काढावेत. नळ आणि केबल जेथून आत येतात, तेथील फटी पोलादी कीस किंवा जाळी भरून बंद कराव्यात. नुसता फोम भरल्यास उंदीर तो सहज कुरतडतात.

हा उपद्रव आपल्यापुरताच आहे, असेही नाही. कॅलिफोर्नियातील सेकोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाची दरी आहे. तेथे मार्मोट हे मोठ्या खारीच्या कुळातील प्राणी रेडिएटरच्या नळ्या कुरतडतात, म्हणून पर्यटक आपली मोटार खालून ताडपत्रीने गुंडाळून मगच डोंगर चढू लागतात. जर्मनीत मार्टेन नावाचा, मुंगसाएवढा प्राणी हेच करतो आणि तेथे दरवर्षी त्याचे सुमारे दोन लाख विमा दावे नोंदले जातात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जर्मन विमापत्रांत या प्राण्याच्या चाव्याचा सहसा नावानिशी उल्लेख असतो.

आपल्याकडील नेहमीच्या विमापत्रात उंदराचे नाव नसते. तेथे दोन कलमे समोरासमोर उभी असतात. आकस्मिक बाह्य कारणाने झालेले नुकसान विमा कंपनी भरून देते. यांत्रिक वा विद्युत बिघाड, झीज आणि परिणामस्वरूप हानी मात्र वगळलेली असते. उंदीर बाहेरून आला, हे कागदावर दिसले तर दावा पहिल्या कलमाखाली जातो. केवळ "वायरिंग खराब" एवढेच दिसले तर तो दुसऱ्या कलमाखाली जातो.

आमच्या शाखेतील एका सेवानिवृत्त ग्राहकांचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. दिवाळीत तीन आठवडे ते मुलीकडे गेले होते. परतल्यावर मोटार सुरू होईना. गॅरेजने जॉब कार्डवर "इलेक्ट्रिकल फॉल्ट" असे लिहिले, जुनी वायरिंग भंगारात टाकली आणि नवी बसविली. दावा विमा कंपनीकडे गेला तो त्यानंतर. तो नामंजूर झाला. "साहेब, गाडी बंद होती, पण हप्ता मात्र चालू होता," असे ते म्हणाले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कुरतडलेल्या वायरचे चार तुकडे आणि दोन छायाचित्रे हाती असती, तर त्या कागदांना वजन आले असते.

म्हणून नुकसान दिसताच प्रथम छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करीपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. जॉब कार्डवर "उंदराने कुरतडल्यामुळे" हे कारण लिहून घ्यावे. बिघाड झालेले वाहन दुरुस्तीविना चालविल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी आपलीच, असे विमापत्राच्या अटींतच असते. वाहनाच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याची अटही त्यातच असते. त्यामुळे दुसऱ्या वर्षी तोच दावा घेऊन गेल्यास कंपनीने प्रश्न विचारले, तर नवल नाही. काही कंपन्या उंदरांच्या उपद्रवासाठी जादा प्रीमियम घेऊन स्वतंत्र संरक्षण देतात. ते घेताना त्यातील शब्द वाचावेत.

आणखी एक गैरसमज वारंवार आढळतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे ग्राहकास वाटते, "माझा तीन वर्षांचा विमा आहे." प्रत्यक्षात आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो न वाढविल्यास उंदराच्या नुकसानीपोटी एक पैसाही मिळत नाही. नजरगहाण ठेवलेल्या वाहनाचा हा विमा चालू ठेवणे कर्जकरारानेही बंधनकारक असते, हे शाखेतील सहकाऱ्यांनी ग्राहकांना आवर्जून सांगावे.

दावा करावा की नाही, हा शेवटी हिशेबाचा प्रश्न आहे. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतले असल्यास तो वाचतो. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस रु. १,०००, तर त्यापुढे रु. २,००० असते. त्याहून मोठी किंमत नो क्लेम बोनसची. समजा, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम रु. १२,००० आहे आणि ५० टक्के बोनस मिळतो. एक दावा केला की पुढील पाच नूतनीकरणांत बोनस अनुक्रमे शून्य, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के राहील. ५० टक्क्यांच्या तुलनेत जादा द्यावी लागणारी रक्कम रु. ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० होते, एकूण रु. १५,०००. वाहन जुने होईल तसा मूळ प्रीमियम उतरत असल्याने हा आकडा प्रत्यक्षात थोडा कमी भरेल. तरीही पाच-सहा हजारांच्या वायरसाठी दावा करणे परवडत नाही, आणि साठ हजारांची संपूर्ण वायरिंग बदलावी लागत असेल तर तो सोडणे परवडत नाही.

दावा नाकारल्याचे वाटले, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. अर्जासोबत छायाचित्रे, जॉब कार्ड आणि कंपनीचे नकारपत्र जोडावे.