आधी खुलासा, मग उत्तर

'नीट'च्या प्रश्नपत्रिकेत वाचनाचा वेगळा विभाग नाही. फिजिक्सचे 45, केमिस्ट्रीचे 45 आणि बायोलॉजीचे 90 असे 180 प्रश्न, 180 मिनिटे, 720 गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. भाषेला यात एकही गुण नाही, म्हणून डॉक्टर होऊ पाहणारी मुले भाषेच्या प्राध्यापकाकडे सहसा फिरकत नाहीत. गेली काही वर्षे मात्र ती येऊ लागली आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "मॅडम, उत्तर येत होतं, प्रश्नच कळला नाही."

पालकांना हा बहाणा वाटतो. मला वाटत नाही. पूर्वीसारखा 'अमुक कशाला म्हणतात' असा सरळ प्रश्न आता थोडा. दोन विधाने देतात आणि दोन्ही खरी, दोन्ही खोटी की एकच खरे ते विचारतात. जोड्या लावायला देतात. 'पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' असे विचारतात आणि घाईत मूल पहिले बरोबर विधान दिसताच गोल काळा करून मोकळे होते. धड्यातले वाक्य जवळजवळ तसेच ठेवून एखादाच शब्द बदलतात. 'सर्व शिरांमधून ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहते.' पाठांतर चांगले असलेले मूल हे वाक्य अर्धेच वाचते. उरलेले अर्धे त्याची आठवणच पुरे करते. फुप्फुसाकडून हृदयाकडे येणारी शीर ऑक्सिजनयुक्त रक्त आणते हे त्याला ठाऊक असते. पण 'सर्व' हा शब्द डोळ्यांखालून गेला तरी त्याने वाचलेलाच नसतो.

सध्या माझ्याकडे येणारी एक मुलगी दुसऱ्यांदा परीक्षेला बसते आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, मग वर्षभर लातूरला क्लास. वडिलांचे गॅरेज आहे. क्लासच्या फीसाठी घेतलेले कर्ज अजून फिटलेले नाही. यंदा नंबर लागला नाही तर बी.एस्सी.ला नाव घालायचे आणि मग जे घरात ठरेल ते, असे सांगून झाले आहे. मुलगी हुशार आहे आणि मेहनतीलाही कमी नाही. तिच्या एका सराव परीक्षेची उत्तरपत्रिका आम्ही दोघींनी उघडली. बायोलॉजीत जिथे जिथे चुकली होती, तोच मुद्दा मी तोंडी, साध्या बोलीत विचारत गेले. निम्म्याहून जास्त उत्तरे तिने क्षणात बरोबर दिली. एका चुकीत हातचे चार जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाच गुणांचा खड्डा. किती गुण केवळ वाचण्यात सांडले, याची बेरीज तिने स्वतःच केली आणि बराच वेळ गप्प बसली.

त्यातला एक प्रश्न इथे सांगते. विधान: माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते. कारण: तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवस असते. तिने उत्तर दिले होते की दोन्ही विधाने बरोबर आणि दुसरे हे पहिल्याचे योग्य स्पष्टीकरण.

"मॅडम, दोन्ही खरं आहे ना? मग झालं की."

"बेटा, मधे 'कारण' घालून मोठ्यानं वाच बघू."

तिने वाचले: पेशीत केंद्रक नसतं, कारण तिचं आयुष्य 120 दिवसांचं असतं. वाचता वाचताच थांबली. शेजारी बसलेला मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे पाऊस पडला, कारण मी छत्री घेतली!" गाडी नेमकी तिथेच घसरली होती. दोन गोष्टी खऱ्या असणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी घडणे वेगळे. हा बायोलॉजीचा प्रश्न नाही, 'कारण' या शब्दाचा आहे आणि तो शब्द उर्दू, मराठी, इंग्रजी कोणत्याही माध्यमात शिकवायचा राहून जाऊ शकतो.

छत्रीवाला मुलगा मराठी माध्यमाचा आहे, कांदा पिकवणाऱ्या घरातला. त्याची आणि तिची अडचण मुळात एकच. दहावीपर्यंत त्याने 'पेशी' वाचली, तिने 'खलिया'. त्याने 'प्रकाशसंश्लेषण', तिने 'ज़ियाई तालीफ'. अकरावीत दोघांनाही एका सुट्टीनंतर सेल आणि फोटोसिंथेसिस भेटले. हे मोठे शब्द मुले महिन्याभरात पाठ करतात, त्यांची चिंता नको. घात करतात ते लहान शब्द: एक्सेप्ट, अनलेस, व्हेअरअॅज, ओन्ली, फॉर्मर, लॅटर. शब्दकोशात ते पाहावेत असे कुणाला वाटतच नाही. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे काय असे मी वर्गात विचारले तेव्हा एकाने पूर्ण आत्मविश्वासाने सांगितले, "आदरपूर्वक." या 'अनुक्रमे'वर जोड्या लावण्याचा सगळा प्रश्न उभा असतो.

मग मातृभाषेतून पेपर का देऊ नये? देता येतो. नीट 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे आणि 2018 पासून उर्दूही. प्रश्न त्या भाषेत आणि इंग्रजीत असे दोन्ही छापलेले असतात. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो, हा नियम मुलांनी अर्ज भरण्याआधी नीट समजून घ्यावा. त्याच 2018 साली तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या 49 प्रश्नांच्या भाषांतरावर वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येकी चार असे 196 गुण द्यायला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शिवाय दोन वर्षे मिओसिस शिकलेल्या मुलापुढे ऐन परीक्षेत 'अर्धगुणसूत्री विभाजन' आले तर मातृभाषाही परकी वाटते. माझे मत विचाराल तर ज्या भाषेत शेवटची दोन वर्षे अभ्यास केला तिच्यातच पेपर द्यावा आणि शेजारी छापलेल्या आपल्या भाषेकडे अडल्यावर एक नजर टाकावी.

एवढ्यावरून सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारायला मी तयार झाले असते. पण माझ्या मामेबहिणीची मुलगी अमेरिकेत जन्मली, तिथेच वाढली, इंग्रजी तिची पहिली भाषा. ती तिथल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, एमकॅटची तयारी करते आहे. त्या परीक्षेत उताऱ्यांचा स्वतंत्र विभागच आहे: 90 मिनिटांत नऊ उतारे आणि 53 प्रश्न. उतारे विज्ञानाचे नसतात. चित्रकला, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असे काहीही. बाहेरची माहिती लागत नाही, जे हवे ते उताऱ्यातच असते. ऐकायला सोपे, आणि बायोकेमिस्ट्रीत पहिल्या येणाऱ्या मुली तिथे रडकुंडीला येतात. "खाला, रोज तीन-तीन उतारे सोडवते, स्कोअर जागचा हलत नाही," असे तिने रमजानच्या मुबारकबादीच्या फोनवर सांगितले. मी तिला एक उतारा फोनवर वाचून दाखवायला सांगितले आणि मग कागद उलटा ठेवून विचारले, लेखक म्हणतो काय? ती पाच मिनिटे बोलली. त्यातले निम्मे लेखकाचे नव्हते, तिचे स्वतःचे होते.

ब्रिटनच्या यूकॅट परीक्षेत याची पारख आणखी सरळ आहे. तिथे उताऱ्याखालच्या काही विधानांसमोर तीन पर्याय असतात: खरे, खोटे आणि 'सांगता येत नाही'. हा तिसरा पर्याय मला फार आवडला. मी तो आमच्या दोघांवर लगेच आजमावला. याच दैनिकातला कांद्याच्या भावावरचा एक लेख दिला आणि खाली आठ विधाने लिहिली. शेतकऱ्याचा मुलगा आठपैकी पाच चुकला. म्हणाला, "मॅडम, आमच्या वावरात कांदा आहे, मला माहीत आहे ना!"

"तुला माहीत आहे रे. पण लेखात लिहिलंय का?"

मुलीला कांद्यातले काही कळत नव्हते, म्हणून तिचे सात बरोबर आले. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसले.

आपल्याकडे वाचणे आणि समजणे यांची फारकत लहानपणीच होते, असे मला वाटते. आमच्या घरांत मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत अरबी कुरआन वाचू लागते. अक्षर, उच्चार, कुठे थांबायचे, कुठे लांबवायचे हे सगळे अचूक. अर्थ मात्र पुढे कधीतरी. आमच्या शेजारच्या आजी पोथीचे पारायण करीत तेही असेच. त्या वाचनाचा मान वेगळा आहे, त्यातून मिळणारी शांती मी स्वतः अनुभवते आणि त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण तीच सवय शाळेच्या पुस्तकाला लागते. मूल डोलत डोलत धडा वाचते, आई स्वयंपाकघरातून ऐकते आणि अभ्यास झाला असे दोघांनाही वाटते. प्रश्नपत्रिका वाचल्याचा सवाब मिळत नाही.

उपायही मला रमजाननेच सुचवला. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात इमाम रोज कुरआनचा काही भाग म्हणतात. अलीकडे अनेक मशिदींत नमाज झाल्यावर दहा मिनिटे त्या दिवशीच्या भागाचा सारांश उर्दूत सांगतात. त्याला 'खुलासा' म्हणतात. उर्दूत खुलासा म्हणजे सार, निचोड. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ बदलला; इथे खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, जे बहुधा साहेबाने मागितलेले असते. मी पहिल्या दिवशी "आता खुलासा दे" म्हटले, तेव्हा तो मुलगा दचकला. आपले काय चुकले, असे त्याला वाटले. नंतर वाटले, दोन्ही अर्थ आमच्या कामाचे आहेत. आधी उर्दूतला खुलासा: उताऱ्यात काय म्हटले आहे ते दोन वाक्यांत, कागद उलटा ठेवून, आपल्या भाषेत. मग मराठीतला: हेच उत्तर का निवडले आणि बाकीचे तीन पर्याय का सोडले, याचा जबाब.

सध्या असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतच्या तासात आम्ही बसतो. रोजेदार मुलांमध्ये या वेळी गणिते सोडवण्याची ताकद उरलेली नसते; घसा कोरडा, डोके जड. पण हळू वाचायला ही वेळ उत्तम आहे, कारण घाई करण्याइतके बळच अंगात नसते. बारावीचे पेपर आणि रोजे एकत्र आल्यामुळे सहरीपासून जागी असलेली ही मुले आहेत, म्हणून दिवसाला एकच उतारा. बायोलॉजीच्या पुस्तकातले एक पान किंवा वर्तमानपत्रातला लेख. क्लासमधून मिळालेले उताऱ्यांचे आणि प्रश्नांचे जाडजूड संच मी बाजूला ठेवायला लावले. दिवसाला पन्नास प्रश्न सोडवून उत्तरसूची पाहणे म्हणजे पन्नास वेळा तीच चूक पक्की करणे. 'आधी पर्याय वाचा, मग प्रश्न' या क्लासच्या ट्रिकवरही माझा विश्वास नाही. पर्याय तयारच केलेले असतात भुलवण्यासाठी. आम्ही ते हाताने झाकतो, प्रश्नातल्या 'नाही', 'चुकीचे', 'फक्त', 'सर्व' यांना गोल करतो, प्रश्न आपल्या बोलीत सांगतो आणि मग हात काढतो. चुकलेल्या प्रश्नाची वेगळी वही आहे. तिच्यात बरोबर उत्तर लिहायचे नाही; चुकीचे उत्तर का खरे वाटले, ते लिहायचे. मुलीच्या वहीत एक शेरा चार ठिकाणी आला आहे: 'शेवटची ओळ वाचली नाही.'

परवाचा उतारा मूत्रपिंडावर होता. तिने खुलासा आधी उर्दूत सांगितला, मग शेजाऱ्यासाठी मराठीत आणि प्रश्न इंग्रजीत सोडवले. पाचपैकी पाच बरोबर. पण वेळ लागला दहा मिनिटे, आणि परीक्षा एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट देते. बायोलॉजी लवकर संपवून फिजिक्सला वेळ उरवायचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात मिनिटही मिळत नाही. घड्याळ कधी लावायचे, असे ती रोज विचारते. ईदनंतर, असे मी सांगते. तिला ते पटलेले नाही. मे महिना किती दिवसांवर आहे हे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे आणि रोज एक आकडा खोडते.

काल तिचे वडील तिला न्यायला आले तेव्हा इफ्तारला दहा मिनिटे होती. मुलाने घरच्या केळ्यांची फणी आणली होती, खजूर माझ्याकडे होते. "मॅडम, हे वाचणं-सांगणं चाललंय ते ठीक, पण मार्क वाढतील ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "पुढच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका तुम्हीच घेऊन या, आपण तिघं बसून पाहू." रविवारी दुपारी दोन ते पाच, खऱ्या परीक्षेच्याच वेळेत, रोज्यासह ती तो पेपर देणार आहे.